कर नाही, तरी डर

कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण आपल्या बोलण्यात नेहमी येते. म्हणीतला ‘कर’ हा करण्यातला, सरकारी खजिन्यातला नव्हे. तथापि गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेच्या खोलीवर एक साथी प्लास्टिकची पिशवी घेऊन आला, आणि त्या पिशवीतले कागद तीन संध्याकाळी बसून वाचल्यानंतर ही म्हण उलटी करून लिहावी असे मला वाटू लागले. या माणसाकडून प्राप्तिकराचा एक पैसाही येणे नव्हता. आणि तरीही पाच वर्षे तो प्राप्तिकर खात्याच्या धास्तीने नीट झोपला नव्हता.

साथी वायरमन आहे. एका कंपनीत चौदा वर्षे तो हजेरीपटावर होता. पुढे कंपनीने देखभालीचे खाते बंद केले आणि त्याला सांगितले की काम तेच, जागा तीच, वरिष्ठही तेच. मात्र यापुढे पगार मिळणार नाही, बिल द्यावयाचे. दोन हेल्पर त्याने स्वतःचे ठेवावेत. कागदावर तो त्या दिवशी कंत्राटदार झाला. घरी पेढे वाटले, हे त्यानेच मला सांगितले, आणि सांगताना तो हसला नाही.

पिशवीत काय नव्हते! बिलांच्या कार्बन प्रती, तारा आणि स्विचांच्या दुकानांच्या पावत्या, बँकेचे पासबुक, मोबाईलवर आलेले संदेश पोराकडून छापून घेतलेले कागद, एका कर सल्लागाराने पंचवीस हजार रुपये मागितल्याची चिठ्ठी, आणि न उघडलेली तीन पाकिटे. पाकिटे का उघडली नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “काका, उघडलं की खरं होतं.” या उत्तरावर हसणे सोपे आहे. परंतु आपल्यापैकी किती जणांच्या घरी, फळीवर किंवा ट्रंकेत, असे एखादे पाकीट पडलेले नाही?

मी स्वतः गिरणीच्या पगार खात्यात कारकून होतो, म्हणून या प्रश्नाकडे माझी नजर थोडी वेगळ्या बाजूने जाते. आमच्या गिरणीत कामगार हजारांनी होते आणि त्यांचे हिशेब ठेवणारे आम्ही वीस-बावीस जण. कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी कापणे, राज्य विम्याची वर्गणी भरणे, व्यवसाय कर वळता करणे, ज्याचा प्राप्तिकर निघत असेल त्याचा हिशेब करून मार्चअखेर त्याच्या हाती प्रमाणपत्र देणे, ही सर्व कामे मालकाच्या खर्चाने होत असत. साचेवाला आठ तास साचा चालवी आणि घरी जाई. आपली रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्याची त्याच्यावर कधी वेळ आली नाही. गिरणीमालक कामगारांवर मेहेरबान होते असे नव्हे. कायद्याने त्यांच्यावर ते काम टाकले होते, आणि तो कायदा कामगार चळवळीने लढून मिळवला होता.

आज काय झाले आहे? मालकाने कामगाराला कंत्राटदार केले, तेव्हा आजारपणाची, अपघाताची आणि काम नसलेल्या दिवसाची जोखीम त्याच्या डोक्यावर दिली, हे आपण अनेकदा लिहिले आहे. परंतु आणखी एक गोष्ट गुपचूप त्याच ओझ्यात बांधली गेली, तिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. मालकाने आपले पगार खातेही त्याच्या डोक्यावर दिले. आता प्रत्येक वायरमन, प्रत्येक फरशीवाला, प्रत्येक फॅब्रिकेटर हा स्वतःचा कारकून, स्वतःचा रोखपाल आणि स्वतःचा लेखापाल आहे. या कामाचे त्याला वेतन नाही, शिक्षण नाही, आणि चूक झाली तर दंड मात्र आहे. दिवसभर शिडीवर उभा राहिलेला माणूस रात्री दहा वाजता संगणकावर विवरणपत्र भरणार, या गृहीतावर एक संपूर्ण करव्यवस्था उभी आहे.

या ठिकाणी एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येईल. ठेकेदाराची वकिली आपण का करावी? ठेकेदार म्हणजे तो, जो मजुरांच्या हजेरीवर डल्ला मारतो, निधी कापतो पण भरत नाही, अपघात झाला की रातोरात नाहीसा होतो. असा ठेकेदार आहेच. त्याच्याशी आपला झगडा चालूच राहील. परंतु ज्याची मालमत्ता हत्यारांची एक पिशवी आणि टेस्टर एवढीच आहे, ज्याचा भाव दुसराच कोणीतरी ठरवतो आणि ज्याचे गिऱ्हाईक वर्षानुवर्षे एकच कंपनी आहे, त्याला त्याच नावाने हाक मारून त्याच्याकडे पाठ फिरवणे हे मालकाच्या शब्दकोशावर विश्वास ठेवणे होय.

न्यायालयांनी हा भेद फार पूर्वी ओळखला आहे. सौराष्ट्रातील ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली मिठागरांतील अगरियांना कामगार मानले. ते मिठाच्या वजनावर पैसे घेत, मदतीला स्वतःची माणसे लावीत, कामाच्या तासांचे त्यांना बंधन नव्हते. तरीही कामावरील नियंत्रण कोणाचे, हा प्रश्न विचारल्यावर उत्तर स्पष्ट होते. १९७३ साली सिल्व्हर जुबिली टेलरिंग हाउसच्या निकालात नगावर शिवणकाम करणाऱ्या शिंप्यांना तोच न्याय मिळाला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हुसेनभाई खटल्यात दोरखंडाच्या कारखान्यातील कंत्राटी मजुरांविषयी लिहिताना मधला पडदा दूर सारून पाहावे, उपजीविकेची दोरी कोणाच्या हातात आहे ते तपासावे, अशी भूमिका घेतली. कर खाते मात्र यांतील एकही प्रश्न विचारीत नाही. कंपनीने देयक पगाराच्या रकान्यात टाकले की कंत्राटाच्या, एवढ्यावर त्या माणसाचे करविषयक सारे जीवन ठरते, आणि तो रकाना निवडण्याचा अधिकार कंपनीच्या लेखा विभागाकडे असतो.

आता पिशवीकडे वळू. प्रथम प्राप्तिकर.

साथीची वर्षाची बिले दहा-अकरा लाखांची. ऐकणाऱ्याला हा आकडा मोठा वाटतो, आणि खुद्द साथीलाही तो मोठा वाटत होता. त्याच्या भीतीचे मूळ तेच होते. “अकरा लाखांवर कर किती बसेल?” असे तो विचारी. परंतु त्या अकरा लाखांतून दोन हेल्परांची मजुरी जाते, माल जातो, टेम्पोचे भाडे जाते, कंपनीच्या सुपरवायझरचा चहापाणी म्हणून जो काही भाग असतो तोही जातो. वर्षअखेर हाती राहिलेली रक्कम दोन लाखांच्या आसपास निघाली. त्या वर्षांत करमुक्त उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख होती, पुढे नव्या पद्धतीत ती वाढली. म्हणजे कर शून्य.

बरे, वह्या नाहीत म्हणून विवरणपत्र भरता येणार नाही, ही त्याची दुसरी समजूत. तीही निराधार. छोट्या बांधकाम कंत्राटदारांसाठी १९९४ च्या वित्त कायद्याने एक तरतूद आणली: उलाढालीच्या आठ टक्के नफा धरा, खतावणी मागणार नाही. २००९ च्या वित्त कायद्याने ती इतर छोट्या धंद्यांनाही लागू केली, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर पुढे हे प्रमाण सहा टक्के झाले. खरा नफा अधिक असेल तर अधिक दाखवावयाचा, हे उघड आहे. आम्हीही खरा आकडाच धरला. मुद्दा एवढाच, की ज्या वह्यांच्या अभावाची लाज बाळगून तो पाच वर्षे तोंड लपवीत होता, त्या वह्या कायद्याने त्याच्याकडे मागितल्याच नव्हत्या. (अंतर्गत सजावटकार किंवा अभियांत्रिकी सल्ला देणारे यांची गोष्ट निराळी. त्यांना हीच सोय २०१६ पासून आहे, मात्र तेथे निम्मी जमा उत्पन्न म्हणून धरली जाते. कोणत्या रकान्यात आपण बसतो हे आधी पाहिले पाहिजे.)

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. प्रत्येक बिलातून कंपनी एक टक्का रक्कम कापून त्याच्या पॅन क्रमांकावर सरकारजमा करीत होती. ती कापावीच लागते. कर शून्य असल्यामुळे ही सारी रक्कम त्याला परत मिळावयास हवी होती. वर्षाला दहा-अकरा हजार. पाच वर्षांचे पन्नास हजारांहून अधिक. ज्या खात्याचे आपण देणेकरी आहोत असे समजून तो रस्ता बदलून जात होता, त्या खात्याकडूनच त्याचे येणे होते! मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी त्याने त्याच काळात शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पैसे काढले होते.

हे येणे मागावयाचे तर विवरणपत्र भरावे लागते, आणि वेळेत भरावे लागते. येथे कायद्याचा न्याय कसा आहे पाहा. २०२२ साली सरकारने ‘अद्ययावत विवरणपत्र’ नावाची सोय केली. ज्याने उत्पन्न दाखवावयाचे राहून गेले असेल त्याने मागाहून ते दाखवावे, कर आणि व्याजावर पंचवीस किंवा पन्नास टक्के जादा रक्कम भरावी, आणि मोकळे व्हावे. आरंभी यासाठी दोन वर्षांची मुदत होती; २०२५ च्या वित्त कायद्याने ती चार वर्षांची केली, आणि तिसऱ्या व चौथ्या वर्षासाठी जादा रक्कम साठ आणि सत्तर टक्के ठरवली. परंतु परतावा मागण्यासाठी हे विवरणपत्र चालत नाही. साथीच्या या सर्व वर्षांना जो नियम लागू होता त्याप्रमाणे परतावा मागणाऱ्याची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३१ डिसेंबरला संपली. सरकारला देणे असेल तर दार चार वर्षे उघडे, आणि सरकारकडून घेणे असेल तर नऊ महिन्यांत बंद. करोडपतीला आपली चूक दुरुस्त करण्यास चार वर्षे मिळतात, आणि वायरमनला आपले अकरा हजार मागण्यास त्याच्या पाव भागाहूनही कमी मुदत मिळते.

एक खिडकी शिल्लक आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. उशीर माफ करण्याचा अधिकार प्राप्तिकर खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांना आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत असा अर्ज करता येतो. विलंबाचे खरे कारण आणि खरी अडचण दाखवावी लागते. आम्ही अर्ज केले आहेत. टाळेबंदी, गावी गेलेले आठ महिने, कर्ज, मुलीचे शिक्षण, सारे लिहिले. निर्णय अद्याप आलेला नाही. यश मिळेलच असे मी कोणालाही सांगणार नाही.

दुसरा गठ्ठा वस्तू व सेवा कराचा होता. तेथे चित्र इतके निर्मळ नव्हते, आणि ते तसे होते असे भासवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

सेवा देणाऱ्याची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर या कराची नोंदणी सक्तीची नाही. साथीला ती नकोच होती. परंतु कंपनीला आपल्या खर्चावरील कराची वजावट हवी होती, म्हणून तिने २०१९ साली त्याला नोंदणी घ्यावयास लावली. नंबर नाही तर काम नाही. त्याने नंबर काढला आणि एका सायबर कॅफेवाल्याला महिना तीनशे रुपये देऊन विवरणपत्रे भरवू लागला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. साइट बंद, कॅफे बंद, साथी कुटुंबासह साताऱ्याकडे गावी. काम नाही तर विवरण कशाचे, असा त्याचा विचार, आणि कोणाही शहाण्या माणसाचा असाच असता. कायद्याचा विचार निराळा. शून्य कामाचेही शून्य विवरणपत्र भरावे लागते; न भरल्यास रोज वीस रुपये विलंब शुल्क. त्या काळातील नियमाप्रमाणे एका विवरणपत्रामागे ते दहा हजारांपर्यंत चढू शकत होते. ज्या महिन्यात एक रुपयाची मिळकत नाही, त्या महिन्याबद्दल दहा हजार! २०२१ साली सरकारने जुन्या विवरणपत्रांसाठी हे शुल्क शून्य उलाढालीस पाचशे रुपयांवर आणले, परंतु ती सवलत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी संपली. साथीला ती कळली तेव्हा ती संपून बराच काळ लोटला होता.

येथपर्यंत अन्याय सरकारचा. पुढचा भाग मात्र त्याचाही आहे. टाळेबंदी उठल्यावर, नोंदणी रद्द होण्यापूर्वी, त्याने चार बिले काढली आणि त्यांवर अठरा टक्के कर लावला. दोन बिलांचा कर कंपनीने दिला, आणि तो पैसा हेल्परांच्या थकलेल्या मजुरीत गेला. उरलेल्या दोन बिलांचा कर कंपनीने, तू भरला नाहीस म्हणून आम्हाला वजावट मिळाली नाही, असे सांगून रोखून धरला. वस्तुतः या कराची जबाबदारी बिल काढताच येते. पैसे हाती आले की नाही हे पाहिले जात नाही. कंपनी बिलाचे पैसे चार महिन्यांनी देते, कर पुढच्याच महिन्यात भरावयाचा. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या कायद्याने पंचेचाळीस दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आहे, उशिराबद्दल बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही सांगितले आहे. त्या कायद्याचा आधार घेणारा वायरमन पुढच्या बिलाला कंपनीच्या फाटकाबाहेर असतो, हे मंत्रालयातील बाबूंना ठाऊक नसेल असे नाही.

तरीही दोन बिलांचा जो कर त्याच्या हाती आला, तो त्याचा नव्हता. हे मी त्याला स्पष्ट सांगितले. हेल्परांच्या घरी चूल पेटावी म्हणून त्याने तो वापरला, ही गोष्ट त्याच्या माणुसकीची साक्ष देते. परंतु तो पैसा लोकांचा होता. ज्या कार्यकर्त्यांना वाटते की सरकार भांडवलदारांचे आहे, म्हणून त्याचा कर बुडवणे हाच एक लढा आहे, त्यांच्याशी माझे जुने मतभेद आहेत. आपण सार्वजनिक रुग्णालय मागतो, रेशन मागतो, एस. टी. टिकावी म्हणतो, नगरपालिकेच्या शाळा बंद पडू नयेत म्हणतो. ते सारे चालावयाचे कशावर? व्यवसाय कराचेच घ्या. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याकरिता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांसाठी शहरातील कमावत्या माणसाने काही द्यावे, असा त्यामागील विचार, वि. स. पागे यांच्या त्या योजनेला सर्व रंगांच्या डाव्यांनी पाठिंबा दिला होता. तो कर भरताना कपाळाला आठी घालणे आपल्याला शोभत नाही.

शोभत नाही, परंतु त्याच्या रचनेवर बोलणे आवश्यक आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराची कमाल मर्यादा आधी २५० रुपये ठेवली होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती वर्षाला २,५०० रुपये झाली आणि तेथेच थांबली. परिणाम असा की उड्डाणपूल बांधणारा कंत्राटदारही अडीच हजार भरतो आणि पंखे बसवणारा कंत्राटदारही अडीच हजारच भरतो. वरची मर्यादा श्रीमंताचे रक्षण करते आणि खालच्या माणसाला तिच्यापर्यंत ओढून नेले जाते. साथीची ही नोंदणीच झालेली नव्हती. ती आम्ही केली, मागील वर्षांची रक्कम हप्त्यांनी भरतो आहोत.

थकबाकी माफ करण्याची भाषा निघाली की अर्थखात्याचे जाणकार म्हणतात, अशाने प्रामाणिक करदात्याचा अवमान होतो. हे तत्त्व उत्तम आहे. ते कोणाच्या बाबतीत पाळले गेले? काळा पैसा उघड करणाऱ्यांना अभय देणाऱ्या योजना १९५१ पासून चालू आहेत. १९६५ साली झाल्या. वांच्छू समितीने १९७१ साली असल्या योजनांविरुद्ध स्पष्ट मत दिले, आणि चारच वर्षांनी, आणीबाणीत, स्वेच्छेने उत्पन्न जाहीर करण्याची नवी योजना आली. १९८१ साली धारकरोखे निघाले. ज्याच्या हाती रोखा, त्याला पैसा कोठून आला असे विचारावयाचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, न्यायमूर्ती ए. सी. गुप्ता यांनी मात्र आपली भिन्न मतपत्रिका लिहिली. १९९७ साली तीस टक्के कर भरून सारे काही धुऊन देण्यात आले. २०१६ साली पुन्हा. आणि सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर एका वटहुकमाने बावीस टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचे उत्पन्न सोडले जाईल असे सरकारनेच सांगितले. या साऱ्या इतिहासात प्रामाणिक करदात्याचा अवमान कोणाला दिसला नाही. तो दिसतो शून्य उलाढालीच्या विवरणपत्रावरील वीस रुपये रोज माफ करा असे म्हटले की!

महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो १८८३ साली. अक्षरशत्रू शेतकरी आणि दप्तर हाती असलेला कामगार, म्हणजे त्या काळचा सरकारी नोकर, यांच्या संबंधाचे त्यातील चित्र वाचताना मला अलीकडे संकेतस्थळे, परवलीचे शब्द आणि मोबाईलवर येणारे सहा आकडे आठवतात. साथी निरक्षर नाही, दहावी उत्तीर्ण आहे. परंतु दप्तराची भाषा बदलली की साक्षर माणूसही पुन्हा निरक्षर होतो. त्याचा विवरणपत्राचा परवलीचा शब्द कॅफेवाल्याकडे होता, आणि कॅफेवाला टाळेबंदीत उत्तर प्रदेशात गेला तो परत आला नाही. पाच वर्षे रखडलेल्या या प्रकरणातील पहिली अडचण ही होती. कायदा पुढे होता.

म्हणून मागण्या कोणत्या करावयाच्या याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. एकाच मालकाच्या कामावर जगणाऱ्या एकट्या कंत्राटदाराचे करविषयक सारे कागद त्या मालकाने भरावेत, जसे पगारदाराचे भरतो. कापलेला कर परत मिळण्याची मुदत आणि न भरलेला कर वसूल करण्याची मुदत एकच असावी. शून्य विवरणपत्रावर शुल्क नसावे. कर हाती आल्यावर देय व्हावा, निदान एका मर्यादेखालील माणसासाठी तरी. या मागण्या कोणत्याही कामगार संघटनेच्या मागणीपत्रात मला अद्याप आढळल्या नाहीत, कारण संघटनेच्या लेखी हा माणूस कामगार नाही. आणि व्यापारी संघाच्या मागणीपत्रात त्या येणार नाहीत, कारण त्यांच्या लेखी तो व्यापारी नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत पिशव्या थांबत नाहीत. म्हणून आम्ही काय केले तेवढे सांगतो. इतर शाखांना उपयोगी पडेल. प्रथम पाकिटे उघडली, त्यालाच उघडावयास लावली. मग त्याच्या पॅन क्रमांकावर कोणी किती कर जमा केला याचा उतारा काढला. अनेकदा निम्मी भीती या एका कागदाने जाते. बँकेच्या उताऱ्यावरून बिले जुळवली. ताज्या वर्षाचे विवरणपत्र आधी भरले, जुनी वर्षे नंतर, कारण जुन्यांत गुंतून राहिले तर चालू वर्षाचीही मुदत निघून जाते. वस्तू व सेवा कराची काही विवरणपत्रे इतकी जुनी होती की ती भरताच येत नाहीत. २०२३ च्या वित्त कायद्याने तीन वर्षांची मर्यादा घातली आहे. तेथे हाती आलेला कर आणि त्यावरील अठरा टक्के व्याज यांचा हिशेब करून अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. भेटीला गेलो, तेव्हा तेथील निरीक्षकाने साथीला बसावयास खुर्ची दिली. साथी ती गोष्ट अजून सांगतो. कंपनीने रोखलेल्या दोन बिलांच्या कराबद्दलचे पत्र निराळे पाठवले आहे. त्यास उत्तर नाही.

या सर्वांस एक निवृत्त बँक कर्मचारी, बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी आणि मी, एवढी माणसे लागली. सनदी लेखापालाकडे दोन वेळा जावे लागले, त्यांनी फी घेतली नाही. पूर्वी शाखेत रेशनकार्डाचे अर्ज भरून दिले जात, त्याच टेबलावर आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हे काम चालते. गेल्या रविवारी सात पिशव्या आल्या होत्या. त्यांतील एक फरशीवाल्याची होती, एक घरोघर पार्सल पोहोचवणाऱ्या मुलाची, आणि एक आपल्या पक्षाच्या जुन्या कार्यकर्त्याची, ज्याने ती आणताना वर्तमानपत्रात गुंडाळली होती.